मांजराची कातडी आणि मांजराची जीभ

मांजराच्या अंगाला आपण जे काही लावतो, ते थोड्या वेळात त्याच्या पोटात जातं. मलम असो, खोबरेल तेल असो, हळदीचा लेप असो, नाहीतर फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालताना पंजांना लागलेला ओलावा असो. मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं आणि अंगावरचं सगळं जिभेने उचलून गिळतं. माणसाच्या, गाईच्या किंवा कुत्र्याच्या त्वचारोगांवर जे चालतं, ते मांजरावर चालत नाही ते यामुळेच. या पुस्तिकेत मांजरांच्या अंगावरच्या गाठी आणि त्यांचे गळणारे केस यांबद्दल जे लिहिलं आहे, ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

पुस्तिका नंदनवनातल्या मांजर पाळणाऱ्या घरांसाठी तयार झाली आहे. जगनाडे चौकातून आत शिरलं की इथल्या जुन्या लेआउटमधली घरं अजून भिंतीला भिंत लावून उभी दिसतात. कंपाउंडच्या भिंतीवरून मांजर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय जमिनीला न लावता जातं. सकाळचं दूध एका घरी, दुपारची झोप दुसऱ्याच्या गच्चीवर, आणि रात्री हाक मारली तर तिसऱ्या घरच्या जिन्याखालून उत्तर. अशा मांजराला नावं चार असतात, पण दवाखान्यात नेणारं घर बहुतेक एकच असतं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला फ्लॅटमधली पर्शियन मांजरं आली. लांब केसांची, चपट्या नाकाची, दाराबाहेर पाऊल न टाकणारी. या दोन जातींच्या आयुष्यांत जेवढं अंतर, तेवढंच त्यांच्या दुखण्यांतही आहे. भिंतीवरच्या बोक्याला चाव्याचं गळू होतं, खरूज होते, उन्हाने कान सोलतात. फ्लॅटमधल्या पर्शियनला बुरशी होते. पिसवा मात्र दोघांनाही सोडत नाहीत.

जनावरांच्या डॉक्टरांच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचं. २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, त्याचं मुख्यालयही याच शहरात आलं. सेमिनरी हिल्सवरच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शक आहे, शस्त्रक्रियेची सोय आहे, शिकवणारी माणसं आहेत. तरीही नंदनवनातून तिथे जायचं म्हणजे शहर पूर्वेकडून पश्चिमेकडे पार करायचं. ऑटोत पिशवीतलं मांजर ओरडत असतं, बर्डीच्या गर्दीत हॉर्न वाजत असतात, मे महिन्याचं ऊन असतं. जवळच्या दवाखान्यात जाणंही त्यामुळे पुढे ढकललं जातं आणि मधल्या काळात घरातलं एकेक औषध लावून बघितलं जातं. मांजर माझ्या टेबलावर येतं तोवर मूळचा आजार त्या थरांखाली गेलेला असतो. तो शोधून काढण्यात माझा जितका वेळ जातो, तितका उपचारात जात नाही.

आधी जे आजार नाहीत त्यांच्याबद्दल. पोटाला हात लावताना लागलेली बारीक गाठ पुष्कळदा स्तनाग्र असते. मांजराला साधारण आठ स्तनाग्रं असतात आणि ती बोक्यालाही असतात. बोक्याला कशी असतील, असं वाटून लोक ती गोचीड समजून चिमट्याने ओढायला जातात आणि रक्त काढतात. मागच्या पायांच्या मध्ये पोटाची सैल कातडी लोंबते, चालताना हलते. ती चरबी-कातडीची नैसर्गिक झोळी आहे, गाठ नव्हे. डोळा आणि कान यांच्या मध्ये केस विरळ असतात, काळ्या मांजरात तर तिथली कातडी स्पष्ट दिसते. तेही टक्कल नाही. हिवाळा सरताना अंगभर केस झडतात, सोफ्यावर गोळे सापडतात, पण कातडी कुठे उघडी पडत नाही. कातडी दिसायला लागली तर मात्र कारण शोधायला हवं.

केस गेलेले दिसले की पहिला प्रश्न असा: केस मुळातून गळले की मांजराने चाटून तोडले? मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कठीण काटे असतात. त्यांनीच ते केस विंचरतं, आणि खाज असह्य झाली की त्यांनीच केस मुळाजवळ तोडून टाकतं. घरची माणसं शपथेवर सांगतात, ‘डॉक्टर, ती खाजवतच नाही.’ त्यांचं बरोबर असतं. ती खाजवत नाही, चाटते, आणि तेही पलंगाखाली, एकटी असताना. मांजर आपलं दुखणं दाखवत नाही. अशा वेळी टक्कल पडलेल्या जागेच्या कडेचे दहा-बारा केस चिमट्याने काढून काचपट्टीवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली टोकं बघायची. टोक निमुळतं असेल तर केस आपण होऊन गळला. टोक तुटकं, फाटलेलं असेल तर तो जिभेने तोडला. दोन मिनिटांचं, जवळपास फुकटचं काम. पण त्याने अर्धा रस्ता ठरतो, कारण तुटक्या टोकाचा अर्थ खाज किंवा वेदना, आणि खाजेचं कारण बहुतेक वेळा कातडीवर किंवा घरात सापडतं.

बहुतेक वेळा, असं म्हणायला आधार आहे. ‘ती टेन्शनने केस तोडते’ हे निदान इंटरनेटवर फार लोकप्रिय आहे. घरात बाळ आलं, बदली झाली, शेजाऱ्यांनी कुत्रा आणला, म्हणून मांजराचं मन बिघडलं. असं होतं, पण क्वचित. २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. मनाच्या कारणाने केस तोडतात असं समजून तज्ज्ञांकडे पाठवलेली २१ मांजरं त्यात नीट तपासली गेली. निव्वळ मनाचं कारण त्यांतल्या दोघांतच सापडलं. बाकी बहुतेकांना अ‍ॅलर्जी, परोपजीवी, असं काही ना काही शरीराचं दुखणं होतंच. मांजराच्या मनाबद्दल विचार करणारी माणसं मला आवडतात. पण मनावर येण्याआधी पिसवा बघा.

पिसवा बघायच्या कशा, तेही सांगतो, कारण पिसू दिसत नाही म्हणजे नाही असं समजणं ही फार पसरलेली समजूत आहे. मांजर चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं. मागे राहते ती त्यांची विष्ठा. पांढरा कागदी रुमाल पाण्याने ओला करा आणि पसरून ठेवा. मांजराच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांच्या फणीने, उवांच्या फणीनेही चालेल, उलट्या दिशेने विंचरा. फणीत आलेली काळी कणी त्या ओल्या कागदावर झटका आणि थांबा. साधी धूळ असेल तर कण काळाच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरेल, कारण ते मांजराचंच पचलेलं रक्त असतं. ज्या मांजराला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे, त्याला मोजके चावे पुरतात. मग कंबरेपासून शेपटीपर्यंत आणि मांड्यांच्या मागे केस जातात, मानेवर आणि पाठीवर बारीक खपल्या येतात. त्या केसांत लपलेल्या असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. हात उलटा फिरवला की बोटांखाली रवा पसरल्यासारखं लागतं.

अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांच्या शंभरातल्या पाचेक. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गादीच्या शिवणीत, गालिच्यात, दिवाणाखाली असतात. पिसवांच्या अळीला कोरडी हवा सोसत नाही, आणि पस्तीस अंशांच्या वरची उष्णताही सोसत नाही. नवतप्यातलं नागपूर तिच्यासाठी मरण आहे, पण ते गच्चीवर आणि अंगणात. आपण खोलीत कूलर लावतो, टाकीत पाणी भरतो आणि खोली गार, दमट करून ठेवतो. बाहेर सगळं करपत असताना कूलरसमोरच्या सतरंजीखाली पिसवांची पिढी सुखाने वाढते. पुढे पावसाळा सुरू झाला की घर आणि अंगण दोन्ही त्यांचं. पोळा आणि मारबतीच्या आसपास खाजेची मांजरं सगळ्यात जास्त येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून पिसवांवरचं औषध मांजराला द्यायचं, घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला द्यायचं, आणि अंथरुणं कडक उन्हात टाकायची. वर्षातले चार महिने आपल्या गच्चीइतकं चांगलं जंतुनाशक यंत्र दुसरं नाही.

डासांचंही इथे नाव घ्यायला हवं. काही मांजरांना डासांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी असते. नाकाच्या दांड्यावर आणि कानांवर, म्हणजे जिथे केस कमी तिथे, पुरळ येतं, खपल्या धरतात, जखमा होतात. आठवडाभर मांजराला जाळीच्या खिडक्यांच्या खोलीत ठेवलं आणि जखमा सुकू लागल्या, तर निदान जवळपास तिथेच होतं. खरजेबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच: ती कानाच्या कडेवरून सुरू होऊन तोंडावर, डोक्यावर, मानेवर पसरते, कातडी जाड, राखाडी आणि सुरकुतलेली होते. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की किडे हलताना दिसतात. आणि योग्य औषधाने ती लवकर बरी होते. जळकं इंजिन ऑइल आणि रॉकेल चोपडण्याची पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही. खरजेचा किडा त्याने मरो न मरो, ते चाटणारं मांजर मरू शकतं.

आता बुरशी, म्हणजे गजकर्ण. या विषयावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण मांजराच्या या एका दुखण्यापायी घरात भांडणं होतात आणि मांजरं घराबाहेर काढली जातात.

मांजरांतलं गजकर्ण बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने होतं. नावात कुत्रा असला तरी तिचं खरं बिऱ्हाड मांजर आहे. लहान पिल्लं आणि लांब केसांची मांजरं तिला जास्त सापडतात. तोंडावर, कानांवर, पुढच्या पायांवर गोल टक्कल पडतं, कोंडा सुटतो, कडेचे केस तुटके दिसतात. खाज असेलच असं नाही. काही पर्शियन मांजरांत तर काहीच दिसत नाही, फक्त घरातल्या मुलीच्या हातावर लालसर चकत्या उठतात. पिल्लं विकणाऱ्यांकडे एका जागी पुष्कळ पिल्लं ठेवलेली असतात, आणि नव्या घरी आलेलं पिल्लू कधीकधी ही बुरशी सोबत घेऊनच येतं. नवं पिल्लू आणलं की पहिले काही आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवून डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

निदानाची साधनं जुनी आणि साधी आहेत. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ साली अतिनील प्रकाशाची गाळणी काढली. बुरशी लागलेले केस त्या गाळणीच्या दिव्याखाली चमकतात हे १९२५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. अंधाऱ्या खोलीत तो दिवा मांजराच्या अंगावर धरला की या बुरशीने पकडलेला केस मुळाशी हिरवा चमकतो. पण मलम, कोंडा, कापडाचे धागे हेही चमकतात, म्हणून मलम चोपडून आणलेल्या मांजराला दिवा दाखवून फारसं काही कळत नाही. आणि केस चमकला नाही म्हणून बुरशी नाही असंही ठरत नाही. दुसरी पद्धत म्हणजे नवा कोरा दात घासायचा ब्रश मांजराच्या अंगभर फिरवायचा आणि तो बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर टेकवायचा. पॅरिसच्या रेमों साबुरो यांचं नाव लागलेलं माध्यम आजही जगभर वापरात आहे. वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा धीर धरायला हवा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. धडधाकट मांजराचं गजकर्ण औषधाशिवायही दोन ते चार महिन्यांत आपोआप जातं. म्हणजे या काळात जे लावाल ते लागू पडल्यासारखं वाटतं. कुणी कडुनिंबाचा पाला वाटून लावला, कुणी गोमूत्र, कुणी टाल्कम पावडर. मांजर बरं झालं आणि त्या उपायाचं नाव झालं. मधल्या महिन्यांत बुरशीने भरलेले केस घरभर पडत राहिले, इतर मांजरांना लागण झाली, मुलांना झाली, त्याचा हिशेब त्या उपायाच्या नावे कुणी मांडत नाही. उपचार करायचे ते मांजर बरं व्हावं म्हणून तर आहेतच, पण त्याहून जास्त घर स्वच्छ राहावं म्हणून.

औषधाच्या दुकानातल्या ट्यूबबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे गजकर्णावर माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि आत बुरशी पसरत राहते. देशभर माणसांत गजकर्ण हट्टी होऊन बसलं, त्यात या ट्यूबांचा मोठा वाटा आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०१८ साली सरकारने स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरी ती हातोहात मिळतात. हीच ट्यूब मांजराला लावली तर दोन गोष्टी होतात. कातडीवर बुरशी मोकाट सुटते, आणि स्टेरॉइड जिभेवाटे पोटात जातं.

आता भांडणाबद्दल. घरात कुणाला गजकर्ण झालं की बोट मांजराकडे जातं. कधी ते बरोबर असतं. पण सध्या आपल्याकडे माणसांत जे गजकर्ण फोफावलं आहे, त्याची बुरशी वेगळ्या कुळातली आहे आणि ती मुख्यतः माणसाकडून माणसाला, टॉवेल-कपड्यांतून जाते. त्यात मांजराचा दोष नसतो. आणि जिथे मांजराकडूनच आलं आहे, तिथेही मांजराला पोत्यात घालून वाठोड्याच्या पलीकडे सोडून आल्याने बुरशी जात नाही. ती गादीवरच्या केसांत राहते, महिनोन्‌महिने जिवंत. मांजर गेलं आणि बुरशी घरात राहिली, हे मी पाहिलं आहे. ही बुरशी घरात वाढत मात्र नाही, ती केवळ गळलेल्या केसांवर टिकून असते. म्हणून केस उचलले की ती गेली. मांजराला एका खोलीत ठेवायचं, आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने खोलीभरचे केस गोळा करायचे, चादरी धुवायच्या, डॉक्टरांनी दिलेलं पोटातलं औषध आणि अंघोळीचं औषध दोन्ही पूर्ण करायचं. दीड-दोन महिने चिकाटी लागते. माणसांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना घरात मांजर आहे हे सांगायचं. एवढं केलेल्या कुठल्याही घराला मांजर सोडून यावं लागलेलं नाही.

गाठींकडे वळू.

गाठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅन्सर उभा राहतो, पण बाहेर फिरणाऱ्या बोक्याच्या गालावर, पुढच्या पायावर किंवा शेपटीच्या मुळाशी दोन दिवसांत आलेली गरम, दुखरी गाठ जवळपास नेहमी चाव्याचं गळू असतं. दुसऱ्या बोक्याचा सुळा आत शिरतो, जंतू आत सोडतो, आणि एवढंसं भोक लगेच बंद होतं. दोन ते पाच दिवसांनी पू धरतो. बोका खात नाही, अंग तापतं, हात लावला की गुरगुरतो. गळू फुटलं की घाण वास येतो. दाबू नका, त्याने पू आत पसरतो. ते उघडून, धुऊन, जंतुविरोधी औषध द्यावं लागतं. पावसाळ्यात तर उशीर बिलकूल नको, कारण उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. बोक्याची नसबंदी केली की मारामाऱ्या कमी होतात आणि गळवंही. चावा कुठल्या प्राण्याचा हे माहीत नसेल तर रेबीजचाही विचार करावा लागतो, म्हणून दरवर्षीची रेबीजची लस चुकवू नका. गळू धुताना तुम्हालाच मांजर चावलं, तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

मांजरीच्या पोटावरची, स्तनांच्या रांगेतली गाठ ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे मी कुणाला थांबा म्हणत नाही. मांजरींमध्ये स्तनांच्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कॅन्सरच्या निघतात. कुत्रीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, त्यामुळे कुत्रीचा अनुभव मांजरीला लावून ‘बघू, वाढली तर काढू’ म्हणणं महागात पडतं. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेल्या मांजरी पुढे काही वर्षं जगतात. तीन सेंटिमीटरच्या वर गेल्यावर काढलेल्यांचं आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावं लागतं. मांजरीला पाठीवर झोपवून छातीपासून जांघेपर्यंत दोन्ही रांगा बोटांच्या चिमटीत चाचपायला एक मिनिट पुरतं, आणि ते महिन्यातून एकदा व्हायला हवं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केलेल्या नसबंदीचा या बाबतीत काही फायदा दिसला नाही. ‘एक वेत होऊ द्या, मग ऑपरेशन करू’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक घराला मी हे आकडे वाचून दाखवतो. एक अपवाद सांगून ठेवतो: नसबंदी न झालेल्या तरुण मांजरीचे सगळेच स्तन अचानक सुजून लोंबू लागले, तर ते हार्मोनमुळे झालेलं, कॅन्सर नसलेलं दुखणं असू शकतं. दिसायला ते भयंकर असतं, पण उपचाराने ओसरतं. अशा मांजरीला घाईने कायमची झोपवण्याचा निर्णय कुणी घेऊ नये.

पांढऱ्या मांजरांच्या कानांबद्दल नागपुरात तरी वेगळं लिहायला हवं. कानाच्या टोकाला, नाकावर आणि पापण्यांवर रंग नसलेली कातडी उन्हाने जळते. आधी लालसरपणा, मग बारीक खपली, खपली निघते, पुन्हा धरते. घरच्यांना वाटतं भांडणात ओरखडा आला. महिन्याभरात न भरलेली कानाच्या टोकाची जखम म्हणजे ओरखडा नव्हे, ती कॅन्सरची सुरुवात असू शकते. रंगीत मांजरांपेक्षा पांढऱ्यांना हा धोका कित्येक पटींनी जास्त आहे. यात दोष उष्णतेचा नसून अतिनील किरणांचा असतो, म्हणून डिसेंबरात कंपाउंडच्या भिंतीवर तासन्‌तास ऊन खाणारं मांजरही यातून सुटत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार पांढरं मांजर घरात असू द्या. रोग कानापुरता असताना कानाचं टोक कापून टाकलं की बहुतेक मांजरं पूर्ण बरी होतात. कान छाटलेलं मांजर बघवत नाही म्हणून नकार देणारे लोक भेटतात. मांजराला त्या कानाचं काही वाटत नाही, आणि ते पुन्हा भिंतीवर चढतं.

राहिली लशीच्या जागेवरची गाठ. १९९१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॅटी हेंड्रिक आणि मायकेल गोल्डश्मिट यांनी सुई टोचलेल्या जागी होणाऱ्या एका घातक गाठीकडे लक्ष वेधलं. ही फार दुर्मीळ आहे, काही हजार टोचण्यांमागे एखादी. तिच्या भीतीने रेबीजची लस टाळणं म्हणजे घरच्या सगळ्यांचा जीव धोक्यात घालणं, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको. टोचल्यावर येणारी छोटी गाठ बहुधा काही आठवड्यांत विरते. ती तीन महिन्यांनंतरही असेल, किंवा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा महिन्यानंतर वाढत असेल, तर तपासायची. या तिन्हींपैकी एक पुरे. लस कुठे टोचली आणि कधी, हे कार्डावर लिहून घ्या. डॉक्टर लिहायला विसरले तर आठवण करा.

कुठलीही गाठ नुसती बघून आणि दाबून ओळखता येत नाही. अनुभवी हातही चुकतो. बारीक सुईने आतल्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि बघायच्या, ही तपासणी भूल न देता होते, मांजराला लस टोचण्याइतकंच दुखतं आणि खर्चही ऑपरेशनच्या मानाने किरकोळ असतो. डॉक्टर ‘गोळ्या देतो, पंधरा दिवसांनी बघू’ म्हणाले, तर सुईने तपासता येईल का, असं विचारा. असं विचारण्यात कुठल्याही डॉक्टरचा अपमान होत नाही.

दवाखान्यात येताना मांजराला अंघोळ घालू नका, अंगावरचं पुसून काढू नका, आणि घरी जे जे लावलं असेल ती ट्यूब, बाटली, पुडी घेऊन या. लाजू नका. हळद लावली हे लपवलं तर मी पिवळ्या कातडीचं कारण काविळीत शोधत बसतो. रोज मोबाइलवर एकाच कोनातून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढलेले फोटो मला कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

पुस्तिकेत औषधांची नावं आहेत, मात्रा मुद्दाम दिलेली नाही. काहींना ही उणीव वाटेल, म्हणून कारण सांगतो. मांजर तीन-चार किलोचं असतं आणि त्याच्या यकृतात माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतासारखी काही विषं निकामी करण्याची ताकद नसते. तापासाठी आपण सहज घेतो ती पाचशे मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. कुत्र्यांच्या पिसवांवर मानेवर टाकायची काही औषधं परमेथ्रिनची असतात. ती मांजरावर टाकली तर काही तासांत अंग थरथरू लागतं, झटके येतात. अशा वेळी कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाने अंग धुऊन तसंच दवाखान्यात धावायचं, औषधाचं पाकीट सोबत घेऊन. कपाटातल्या डांबरगोळ्या, टी-ट्री तेल, फिनाईल ही सगळी याच यादीतली. ‘अर्धी मात्रा दिली तर चालेल ना?’ असा फोन मला अजून येतो, आणि बहुतेक फोन मात्रा दिल्यानंतर येतात. औषधाचं नाव ओळखता यावं, पाकिटावर ते वाचून हात थांबावा, एवढ्यासाठी नावं छापली आहेत. किती द्यायचं ते मांजर वजनकाट्यावर ठेवून, त्याच्या कातडीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली बघून, डॉक्टरांनी त्या दिवशी ठरवायचं असतं.